मागे राहिलेल्यांची बाजू



आपण शांती आणायला नव्हे तर तलवार चालवायला आलो आहोत, मुलगा बापाविरुद्ध आणि मुलगी आईविरुद्ध उभी राहील, असे प्रभू येशू संत मत्तयकृत शुभवर्तमानात सांगतो (१०:३४-३७). रविवारच्या मिस्साला या उताऱ्याचा शेवटचा भागच तेवढा आपल्या कानांवर पडतो. तलवारीची वचने रोजच्या मिस्साला येतात, आणि रोजच्या मिस्साला आपण किती जण हजर असतो हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे हे वचन आपल्या फारसे परिचयाचे नाही. परिचयाचे झाले तरी आपण ते शहीदांसाठी आहे असे समजून बाजूला ठेवतो.

या प्रायश्चित्तकाळात आमच्या अभ्यासमंडळाने हाच उतारा घेतला. नुसता बायबलवर्ग न करता सोबत एक मराठी पुस्तक वाचायचे आणि दोन चित्रपट पाहायचे ठरले. चर्चा बरीच झाली, एकदोनदा आवाजही चढले. ती चर्चा सर्वांपर्यंत पोहोचावी म्हणून हा लेख.

सुरुवातीला कोणीतरी म्हणाले, 'कुटुंबातली भांडणे पाहायला चित्रपट कशाला हवेत? घरी रोज संध्याकाळी मालिका लागतातच की!' खरेच आहे. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी तेर्स आधी की मालिका आधी यावर तडजोडी झाल्या. पण या मालिकांतली माणसे एकमेकांपासून दुरावतात ती कशाने? दाराआड कोणी अर्धे बोलणे ऐकले, कोणी कागदावर खोटी सही घेतली, तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे गेल्या. एक तरी दुष्ट माणूस लागतोच, आणि तो आला की पार्श्वसंगीत वाजून आपल्याला सावध करते. ज्या घरात कोणीच दुष्ट नाही, सगळे एकमेकांवर जीव टाकतात आणि तरीही एकाला जे सत्य वाटते ते दुसऱ्याला वाटत नाही, असे घर त्या पडद्यावर दिसत नाही. प्रभू ज्या तलवारीविषयी बोलतो ती मात्र नेमकी याच घरात चालते.

म्हणून आम्ही निवडलेले पुस्तक होते लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. टिळक दांपत्य आपल्या कॅथलिक परंपरेतले नव्हते, अमेरिकन मराठी मिशनमधले होते. त्यावरून आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी थोडी कुरबुरही केली. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात काय घडले हे याहून चांगले कोणी लिहिलेले आम्हाला तरी ठाऊक नाही. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या बंडात फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड लागले. त्या सोवळ्याच्या धाकात ही मुलगी वाढली आणि अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या घरात आली. शाळा तिला मिळालीच नाही. लिहायला-वाचायला शिकली ती नवऱ्याकडून.

पुढची गोष्ट अनेकांना माहीत असेल. १८९३ साली टिळक राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आपण ख्रिस्ती मंडळी ही गोष्ट सांगताना सहसा येथे थांबतो. टिळकांना प्रकाश दिसला, त्यांनी जात सोडली, मान सोडला, सर्व काही सोडले. आमच्या वर्गातही पहिल्या दिवशी हाच सूर होता. तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, 'त्यांनी सगळे सोडले म्हणता, त्यात बायकोही आली ना? तिला कोणी विचारले होते?'

या एका प्रश्नाने आमच्या वाचनाची दिशा बदलली. कारण 'स्मृतिचित्रे' हे सोडून जाणाऱ्याचे पुस्तक नाही, ते मागे राहिलेलीचे पुस्तक आहे. बाप्तिस्म्याची बातमी आल्यावर लक्ष्मीबाईंची जी अवस्था झाली ती त्यांनी लपवलेली नाही. पदरात लहान मुलगा दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या दृष्टीने मेल्यासारखाच. स्वतःला धड सवाष्ण म्हणवता येईना की विधवा. माहेरच्यांनी आणि बहिणीने आसरा दिला. पाचेक वर्षे हा वनवास चालला आणि त्यातला काही काळ पंढरपुरात गेला. टिळक पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले, त्यांनी दुसरा संसार मांडला नाही. लक्ष्मीबाईही मनाने त्यांच्यापासून तुटल्या नाहीत. पण नवरा ख्रिस्ती झाला म्हणून आपणही व्हावे, असे त्यांना एक क्षणही वाटले नाही. हे आम्हाला विशेष वाटते. त्या काळी पत्नीने पतीच्या मागून जावे असेच सगळे सांगत. लक्ष्मीबाई पतीकडे गेल्या, त्याच्या धर्मात मात्र गेल्या नाहीत.

त्या काळच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, त्या टिळकांजवळ राहायला आल्या तेव्हा त्यांनी आपले सोवळे सांभाळले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, नवऱ्याचा विटाळ! आज हे वाचताना हसू येते, आणि लक्ष्मीबाईही ते हसत हसतच सांगतात. पण टिळकांच्या बाजूने विचार करून पाहा. ज्या माणसाने जातिभेद खोटा मानून घरदार पणाला लावले, त्याच्याच घरात त्याचीच पत्नी त्याला शिवू देत नाही. टिळक स्वभावाने तापट, एका क्षणात पेटणारे. तरीही या बाबतीत त्यांनी तिच्यावर बळजबरी केली नाही. आमच्या मते टिळकांच्या ख्रिस्ती जीवनाची ही सर्वांत मोठी साक्ष आहे, त्यांच्या भजनांहूनही मोठी. (हे वाक्य वर्गात सर्वांना मान्य झाले नाही.)

मग राहुरीच्या मुक्कामात लक्ष्मीबाईंच्या मनात विचार सुरू झाला: जाती देवाने केल्या की माणसाने? त्यांचे त्यांनाच उत्तर मिळाले आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवले. या विचारासाठी त्यांना मिशनरी लागला नाही, नवऱ्याचे प्रवचनही लागले नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पती आणि पत्नी यांच्या बाप्तिस्म्यांत पाच वर्षांचे अंतर! आपण बायबल वाटतो, प्रार्थनासभा घेतो आणि महिन्याभरात फळ दिसले नाही की निराश होतो. टिळकांनी स्वतःच्या बायकोसाठी पाच वर्षे वाट पाहिली.

या घराची आणखी एक बाजू आम्हाला महत्त्वाची वाटली. पुढे 'बालकवी' म्हणून प्रसिद्ध झालेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. ते हिंदूच राहिले. टिळकांनी धर्म बदलला म्हणून ज्या समाजाने त्यांना दूर लोटले, त्याच समाजातला एक तरुण त्यांच्या ताटाला ताट लावून जेवत होता आणि त्याला कोणी धर्म विचारत नव्हते. आपली ओळख पक्की असलेल्या घरालाच हे जमत असावे. भिंत कच्ची असते तोच घरमालक दार घट्ट लावून घेतो.

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. फेब्रुवारी १९३६ मध्ये लक्ष्मीबाई प्रभूकडे गेल्या. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेले. विजया मेहता यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी दूरदर्शनसाठी या पुस्तकावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशींनी लक्ष्मीबाई साकारल्या. ज्येष्ठांपैकी काहींना तो आठवत होता. तरीही आधी पुस्तक वाचावे असे आम्ही सुचवू. लक्ष्मीबाईंची भाषा कानांनी ऐकावी अशी आहे, आणि ती मनातल्या मनात वाचतानाच जास्त ऐकू येते.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' पाहिला. फ्रेड झिनेमन यांचा १९६६ चा हा चित्रपट रॉबर्ट बोल्ट यांच्या नाटकावर आधारित आहे. त्याला सहा ऑस्कर मिळाली, त्यांतले एक संत थॉमस मोर यांची भूमिका करणाऱ्या पॉल स्कोफील्ड यांना. बोल्ट स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती नव्हते, तरी त्यांना हा संत मोहवून गेला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, त्याचे दुसरे लग्न, पोपपासून फारकत, हा इतिहास आपण प्रवचनांत ऐकलेला आहे. आम्ही पाहत होतो ती त्यांची मुलगी मार्गारेट.

मार्गारेट बापाची सर्वांत लाडकी आणि विद्वान मुलगी. राजाने मागितलेली शपथ मोर यांनी घेतली नाही. मार्गारेटने मात्र ती, देवाच्या नियमात बसेल तितपत, असे शब्द जोडून घेतली. म्हणजे ज्या गोष्टीसाठी बाप तुरुंगात बसला ती गोष्ट मुलीने करून टाकली! इतकेच नव्हे, तुरुंगात भेटायला जाऊन 'तुम्हीही घ्या' म्हणून तिने बापाची मनधरणी केली. तेव्हा मोर तिला थट्टेने एवा म्हणाले, आदामाला फळ देऊ करणारी. रागावले नाहीत, तिच्यावर शपथ मोडण्याची सक्ती केली नाही, आणि तिच्यासाठी स्वतःही हलले नाहीत. तिचा नवरा विल्यम रोपर हा तर एके काळी ल्यूथरच्या मतांकडे वळला होता. मोर यांनी त्याच्याशी पुष्कळ वाद घातला, मग वाद घालणे सोडून प्रार्थना सुरू केली. पुढे तो परत आला आणि सासऱ्याचे चरित्र त्यानेच लिहिले.

त्या चरित्रातला एक प्रसंग चित्रपटाहून थरारक आहे. मृत्युदंड सुनावल्यावर मोर यांना टॉवरकडे परत नेत होते. मार्गारेट वाटेत उभी होती. भाले घेतलेल्या शिपायांच्या गर्दीत घुसून तिने बापाला मिठी मारली. दूर झाली, चार पावले गेली, आणि राहवेना म्हणून पुन्हा धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. आपल्या शेवटच्या पत्रात मोर यांनी तिच्या या कृतीचे कौतुक केले. ते पत्र कोळशाने लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी, ६ जुलै १५३५ रोजी, त्यांचा शिरच्छेद झाला.

तिसऱ्या आठवड्यातला चित्रपट बऱ्याच जणांना जड गेला. टेरेन्स मॅलिक यांचा 'अ हिडन लाइफ' (२०१९) जवळजवळ तीन तासांचा आहे, संवाद थोडे, गवत कापणे आणि डोंगर पुष्कळ. दोघेतिघे मध्येच डुलकी काढत होते हे कबूल केले पाहिजे. पण त्यातली गोष्ट खरी आहे आणि ती तुमच्या-आमच्यासारख्या शेतकऱ्याची आहे.

फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातल्या सेंट राडेगुंड गावचा शेतकरी. १९३६ साली पवित्र गुरुवारी फ्रान्झिस्काशी त्याचे लग्न झाले आणि लगेच दोघे रोमला गेले. त्यांना तीन मुली झाल्या. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीत सामील करण्यावर मतदान झाले तेव्हा गावात विरोधी मत देणारा तो एकटाच. पुढे तो गावच्या चर्चमध्ये सॅक्रिस्टनचे काम करू लागला. हिटलरचे युद्ध अन्यायाचे आहे, त्यात आपण लढू शकत नाही, हे त्याच्या मनाने घेतले. तो लिंत्सच्या बिशपांना जाऊन भेटला. बिशपांनी त्याला घरच्या जबाबदारीची आठवण करून दिली. राज्यकर्ते काय करतात याचा जाब तुला द्यावा लागणार नाही, तुला बायको आहे, मुली आहेत. गावच्या धर्मगुरूंनीही समजावून पाहिले. येथे आमच्या वर्गात मोठा वाद झाला. बिशप चुकले का? आमच्यातले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, 'माझा मुलगा असा निघाला असता तर मी हेच सांगितले असते.' कोणीच त्यांना उत्तर दिले नाही.

१ मार्च १९४३ रोजी फ्रान्झ लष्कराच्या ठाण्यावर हजर झाला आणि आपण लढणार नाही असे त्याने सांगितले. ६ जुलैला त्याला मृत्युदंड ठोठावण्यात आला. तारीख पाहिली का? संत थॉमस मोर यांच्या मृत्यूचीच. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

आता फ्रान्झिस्का. सुरुवातीला तिनेही त्याला अडवून पाहिले. मग तिच्या लक्षात आले की गाव विरुद्ध, सासू विरुद्ध, धर्मगुरू साशंक. आपणही विरुद्ध गेलो तर या माणसाचे कोणीच उरत नाही. म्हणून ती त्याच्या बाजूने उभी राहिली. त्याचा निर्णय तिला आवडला होता असे मुळीच नाही. जुलैमध्ये बर्लिनच्या तुरुंगात वीस मिनिटांची शेवटची भेट झाली. त्यानंतर गावाने सगळा दोष तिच्यावरच टाकला: हिनेच नवऱ्याला देवधर्माचे वेड लावले. तिने तीन मुलींसह शेती केली आणि नवऱ्याचे चर्चमधले कामही उचलले. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या विधवांना मिळणारे निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत नाकारले गेले. सुरुवातीची कित्येक वर्षे बाहेर कोणाला याची खबरही नव्हती. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॉर्डन झान यांनी १९६४ साली पुस्तक लिहिले तेव्हा जगाला फ्रान्झ कळला.

येथे आपल्या जवळचा एक दुवा आहे. १९३७ ते १९५० या काळात मुंबईचे आर्चबिशप असलेले जेज्वीट थॉमस रॉबर्ट्स यांनी १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेसमोरील आपल्या निवेदनात याच शेतकऱ्याचे उदाहरण मांडले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र घ्यायला नकार देणाऱ्यांच्या पाठीशी ख्रिस्तसभेने उभे राहावे असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात (परिच्छेद ७९) अशा लोकांशी कायद्याने माणुसकीने वागावे, असे म्हटले आहे. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंत्सच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्झला धन्य म्हणून घोषित करण्यात आले. चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का तेथे हजर होती. २०१३ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ती वारली.

हे सगळे पाहून-वाचून झाल्यावर शेवटच्या बैठकीत आम्ही आपापल्या घरांविषयी बोललो. तेथे काय बोलणे झाले ते येथे लिहिणे योग्य नाही, पण स्वतःचे सांगायला हरकत नाही. आमच्या धाकट्या बहिणीने धर्माबाहेर रजिस्टर लग्न केले. आम्ही भाऊ कोणीच गेलो नाही. ते आमचे तत्त्व होते, निदान तसे आम्ही म्हणत होतो. नऊ वर्षे तिच्या घरी पाऊल ठेवले नाही. आई मात्र दर नाताळला कोणाच्या ना कोणाच्या हाती तिच्याकडे सुकेळीचा पुडा पाठवत असे. तिने केले ते बरोबर, असे आई कधीही म्हणाली नाही. रोज तेर्स म्हणताना तिच्यासाठी वेगळा 'नमो मरिया' म्हणायची, तोही मोठ्याने, आम्हाला ऐकू जाईल असा. आम्हाला तेव्हा ते लेचेपेचेपणाचे वाटे. आईच्या मिस्साला बहीण आणि तिचे यजमान दोघेही आले, शेवटच्या बाकावर बसले. दफनानंतर आम्हीच त्यांना घरी चला म्हणालो. वाक्य तेवढेच, पण उच्चारायला नऊ वर्षे लागली होती.

वर्गात कोणीतरी विचारले, 'मग तत्त्व सोडायचे का?' टिळकांनी सोडले नाही, मोर यांनी सोडले नाही, फ्रान्झने तर नाहीच नाही. पण त्यांच्यापैकी एकानेही घरच्या माणसाशी बोलणे बंद केलेले आम्हाला आढळले नाही. तिघांचीही पत्रे येत राहिली. आमच्या तत्त्वात पत्राला जागा नव्हती, त्यामुळे ते तत्त्व होते की रुसवा, याचा हिशेब आम्ही अजून मांडतो आहोत.

पुढच्या बैठकीसाठी संत मार्ककृत शुभवर्तमान ३:२०-३५ वाचून यावे. येशूच्या घरच्यांना तो भ्रमिष्ट झाला आहे असे वाटले आणि ते त्याला न्यायला आले, असा हा उतारा आहे. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या आईच्या मनात काय चालले असेल, यावर प्रत्येकाने घरी थोडा विचार करावा. शक्य तर आपल्या आईला विचारावे. बैठक रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात होईल. 'स्मृतिचित्रे'ची एक प्रत वाचनालयात शिल्लक आहे. नेणाऱ्याने ती दोन आठवड्यांत परत करावी. आधी नेलेल्या दोन प्रती अजून आलेल्या नाहीत.